काळ्या खिडकीतली विहीर

आमच्या अंगणातली विहीर बुजवायला मी होकार दिला आहे, ही बातमी मला माझ्या मोठ्या मुलाकडून कळली. आपण काय ठरवलं ते दुसऱ्यानं येऊन सांगावं, एवढं सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं.

मोठा गोंदियात मास्तर आहे. आमगावच्या पुढं आमचं गाव. दर रविवारी तो चारचाकी घेऊन येतो, अंगणात उभा राहतो आणि घरात अजून काय काय चुकीचं आहे ते पाहतो. त्या रविवारी चहाचा कप हातात घेऊनच त्यानं सांगितलं, "माय, बुधवारी ट्रॅक्टर येऊन राहिला. तीन ट्रॉल्या मुरूम सांगतला."

"कायले?"

"विहीर बुजवाले."

"कोनाची?"

"कोनाची म्हंजे? आपली. तूच तं हो म्हनली."

"मी?"

"ग्रुपवर. दोन महिने झाले. सगळ्यायनं पाह्यलं."

मी आठवत बसले, तेव्हा तो आपल्या मुलीकडे वळला आणि हळूच म्हणाला, "दादी आजकल भूल जाती है." मला कळू नये असं काही असलं की तो हिंदीत बोलतो. पन्नास वर्षं मी गोंदियाच्या बाजारात हिंदीत भाव पाडले, हे त्याच्या लक्षात नाही. पण भुलते मी.

म्हणजे बुधवारी दोन गोष्टी बुजणार होत्या, विहीर आणि माझं डोकं.

विहिरीवर माझी माया आहे असं कोणी समजू नये. नवी नवरी होते तेव्हापासून तिचं पाणी ओढलं, त्यात दोन्ही खांदे गेले. जिनं खांदे खाल्ले तिच्यावर माया कशी बसेल? पण मला पाणी लागतं. नळ आला तेव्हा गावानं त्याला हार घातला, नारळ फोडला. तो हार वाळायच्या आत नळही वाळला. कधी सकाळी सातला येतो, कधी अकराला, कधी येतच नाही. मोटार जळते, पाइप फुटतो, चावी फिरवणारा माणूस लग्नाला जातो. विहीर लग्नाला जात नाही, माझी हरकत एवढीच.

मोठ्याचं म्हणणं, लहान्याचं पोरगं आता रांगायला लागलं, दिवाळीला आलं की विहिरीत पडेल. हे त्यानं तोंडानं सांगितलं. पायांनी तो काय सांगत होता ते मी मागच्या तीन रविवारांपासून पाहत होते. फाटकापासून विहिरीपर्यंत पावलं मोजायचा, मग आपल्या गाडीकडे पाहायचा. विहीर गेली की चारचाकी थेट दारापुढच्या सपरीपर्यंत येते. नातवाची काळजी पंधरा पावलं लांब आणि सात पावलं रुंद होती.

तरी खरं सांगायचं तर मला धाकधूक होती. त्या महिन्यात एकदा माझ्या हातून दूध गॅसवर राहून गेलं होतं. एकदा चष्मा डोळ्यावर ठेवून घरभर चष्मा शोधला होता. तेव्हा हो म्हटलंही असेल. कटकट संपावी म्हणून मी अलीकडे पुष्कळ गोष्टींना हो म्हणते. विहिरीलाही म्हटलं असेल तर मोठा म्हणतो ते खरं, मग विहिरीसाठी भांडायचं तरी कोणत्या तोंडानं?

मोठ्याची मुलगी, माझी नात, माझ्याकडेच राहते. कुठल्याशा कंपनीचं काम ती घरूनच करते. गोंदियात बाप दर अर्ध्या तासानं विचारायचा, "हे काम आहे का खेळ आहे?" म्हणून इथं आली. मी विचारत नाही. तिच्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी असते, तिच्यात पांढरी अक्षरं. कुठली तरी यंत्रं दिवसभर काय केलं ते ओळीमागून ओळ लिहून ठेवतात, आणि एखादं बंद पडलं की का पडलं ते ही त्या ओळींत शोधते. मी एकदा म्हटलं होतं, "यंत्रं बी आपलं गाऱ्हानं लिहून ठेवते, आन वाचाले माणूस बी ठेवलाय. बरं हाय त्यायचं."

सोमवारी दुपारी तिनंच विषय काढला. "आजी, तू नक्की काय बोलली होतीस?"

"तेच तं आठवत नाही."

"ऐकूनच टाकू ना मग."

फोनवर मी लिहीत नाही. चौथी शिकलेल्या बोटांना ती बारीक बटणं सापडत नाहीत. मी बटण दाबून धरते आणि बोलते, आणि तो आवाज घरच्या ग्रुपवर जातो. नातीनं माझा फोन घेतला, वर सरकवत गेली, आणि मग तिचं तोंड उतरलं. पोळ्याच्या वेळी माझा फोन भरून बंद पडला होता. तिनंच तो मोकळा केला होता. गुलाब, सूर्य, देव, चहाचे कप, सगळं पुसलं, त्यात माझा आवाजही गेला.

"सॉरी आजी."

"तुझ्या बापाच्या फोनात असन."

तिनं बापाला विचारलं. तो दर महिन्याला फोन साफ करतो, फळा पुसावा तसा. माझ्या लहान्याला, नागपूरला, विचारलं. त्यानं फोन नवीन घेतलेला. तिच्या स्वतःच्या फोनात तर तो आवाज कधी उतरवलाच नव्हता. ते का, हे तिनं तेव्हा सांगितलं नाही.

"लिहिलेलं तरी सगळं असेल," ती म्हणाली. माझ्या फोनमधून सहा वर्षांचा अख्खा ग्रुप तिनं एका फाइलीत काढला आणि कॉम्प्युटरवर घेतला. पांढऱ्या कागदासारखं दिसतं त्यात उघडून पाहिला तर एक चाक गरगर फिरत राहिलं. फाइल फार मोठी झाली म्हणे. सहा वर्षांत आमच्या घरात कोणी कामाचं चार शब्द बोललेलं मला आठवत नव्हतं, आणि कॉम्प्युटरला ते उचलत नव्हतं.

मग तिनं आपली काळी खिडकी उघडली. पहिल्यांदा तिनं सगळंच दाखव म्हणून सांगितलं. आमगावच्या रेल्वे फाटकात उभं राहून मालगाडी पाहावी तसं झालं. डबे धडधडत गेले, एकावरचंही वाचता आलं नाही, आणि गाडी संपली तेव्हा शेवटच्या चार ओळी तेवढ्या उभ्या राहिल्या. त्यात कोणाच्या तरी मेहुण्याला शुभरात्री होती.

"तुझा बाप एवढंच पाह्यते," मी म्हटलं. "शेवटचा डबा."

"थांब, आता लेसमध्ये उघडते."

लेस म्हणजे ब्लाउजची नव्हे, तिच्या खिडकीतला एक हुकूम. तो फाइल अख्खी गिळायला जात नाही. पडद्यात मावेल तेवढंच वाढतो आणि थांबतो. खालची लांब पट्टी दाबली की पुढचं पान, एक दुसरं बटण दाबलं की मागचं. कोणी दाबत नाही तोवर जागचा हलत नाही. आमच्या घरात समोरच्याचं वाचून होईपर्यंत कोणी थांबतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी स्टूल ओढून बसले.

वाचायला सोपं नव्हतं. त्या खिडकीला आपली अक्षरं नीट पेलत नाहीत. वेलांटी एका घरात, अक्षर शेजारच्या घरात. अंगठे, जोडलेले हात, हसरी तोंडं, यातलं काही दिसत नव्हतं, त्या जागी रिकामे चौकोन. मला तेच जास्त खरं वाटलं. पण मी बोट ठेवून वाचते, मला घाई नव्हती.

पहिली चार पानं वाचून मी विचारलं, "हे काय लिहिलं हाय सारखं? मीडिया वगळला, मीडिया वगळला?"

"फोटो, व्हिडिओ, आवाज फाइलीत येत नाहीत ना. त्यांच्या जागी तेवढंच लिहून येतं."

मोठ्याच्या नावापुढे सकाळी सहा वाजता रोज मीडिया वगळला. ते गुलाबाचं फूल. सहा वर्षं त्यानं आईला रोज फूल पाठवलं आणि फाइलीनं एकही घेतलं नाही. फाइल माझ्याच वळणाची निघाली. पण मग माझं नाव आलं. त्यापुढेही तेच. पान उलटलं, पुन्हा माझं नाव, मीडिया वगळला. सहा वर्षं मी या ग्रुपवर बोलत होते. सुनेच्या बाळंतपणात काय खायचं ते सांगितलं, जमिनीच्या मोजणीला कोणी यावं ते सांगितलं, दीर वारले ते मीच सांगितलं. फाइलीत माझा एक शब्द नव्हता.

"म्हंजे मी मुकीच होतो म्हना ना," मी म्हटलं.

नात पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली. तिनं एक तिरपी रेघ टाकली, पुढं विहीर असं लिहिलं. खिडकी एकदम उडी मारून सहा वर्षांमागच्या ओळीवर गेली. विहिरीत बादली पडली होती, तेव्हाची. मग पुढची उडी, मग पुढची. सहा वर्षांत नऊ ओळी. नववी मोठ्याची होती. सकाळी सात तीस: "आता नळ आला. विहीर बुजवून टाकू. मुलांना धोका आहे. माय, तुझं मत सांग."

बोट खाली नेलं. सात एकेचाळीस, माझं नाव, मीडिया वगळला.

त्याच्या खालची ओळही सात एकेचाळीसचीच. मोठा: "माय हो म्हणाली. ठरलं." पुढं एक रिकामा चौकोन. सात बेचाळीसला लहाना, नुसता चौकोन. सात बेचाळीसलाच आणखी एक चौकोन. त्याच्या अलीकडचं नाव माझ्या शेजारी बसलेल्या पोरीचं होतं.

"तू बी?"

"आजी, मी मीटिंगमध्ये होते."

"सकाळच्या पावणेआठले."

तिच्या फोनात आवाज का उतरला नव्हता, ते तिथं कळलं.

मी पुन्हा वरच्या ओळीवर बोट ठेवलं. सात एकेचाळीसला माझा आवाज गेला, आणि सात एकेचाळीसलाच मोठ्यानं निकाल दिला. मी कधी एका मिनिटात काही बोलले आहे? नातीला पुरावा पाहिजे होता. तिनं माझ्या नावावरून मागची पानं काढली, तर लहान्याची ओळ सापडली: "माय, छोटं बोलत जा. पाच पाच मिनिटं कोन ऐकून राहिलं?" मी एरवी चिडले असते. तेव्हा मला ती ओळ फ्रेम करून लावावीशी वाटली.

"बाबांनी ऐकलंच नाही," नात म्हणाली. "ऐकायला वेळच नव्हता. पण आजी, म्हणून तू नाही म्हणाली होतीस असं होत नाही ना. हो म्हणाली असशील तरी त्यांनी ऐकलं नसतंच."

पोरगी बरोबर बोलत होती. दूध ओतू गेलेलं मला दिसायला लागलं.

"पुढं चल," मी म्हटलं. "एकेक पान."

"पुढं काही नाही आजी. बाबांनी ठरलं लिहिलं, संपलं."

"मी धानाची रोवणी केली हाय वो. बाई वाकून रोवत जाते आन मागं सरकत जाते. बांधावर उभा राह्यलेल्याले वाटते झालं. कुठं सुटलं ते वाकनारीलेच दिसते. दाब तू."

तिनं दाबलं. त्याच दिवशी कोणाच्या तरी साळ्याचा वाढदिवस होता. एक पान भरून शुभेच्छा, सगळ्या एकाच साच्यातल्या, वर चौकोनांची रास. दुसरं पान, तेच. त्या शुभेच्छांच्या मधोमध, आठ वाजून वीस मिनिटांनी, एक लांब ओळ होती. नागपूरच्या धाकट्या सुनेची.

"आई, तुमचं पूर्ण ऐकलं. बरोबर आहे. नळाचा भरवसा नाही. बुजवू नये, वर जाळी बसवावी असं मलाही वाटतं."

त्याच्या खाली साळ्याचे आभार.

मी ती ओळ तीनदा वाचली. वेलांट्या इकडेतिकडे होत्या तरी वाचता आली. म्हणजे मी नाही म्हणाले होते. माझं डोकं जागेवर होतं. जागेवर नव्हते ते कान, आणि ते माझे नव्हते.

आता या सुनेबद्दल सांगायला पाहिजे. ती कमी बोलते. आली की पुस्तक घेऊन खोलीत बसते. लग्नाला आठ वर्षं झाली, मी तिला गर्विष्ठ म्हणते, आणि तिच्या माघारी म्हणते असंही नाही. आवाज कोणाकडे असेल म्हणून आम्ही मोठ्याला विचारलं, लहान्याला विचारलं. तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही.

नातीनं फोन लावला. स्पीकरवर ठेवला.

"काकू, आजीचा तो विहिरीचा मेसेज आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना," ती म्हणाली. "सगळेच आहेत. पाठवू?"

"सगळे कायले ठेवले?" मी मधेच विचारलं.

"तुम्ही रेसिपी सांगता ना आई मधेमधे. कुठल्या मेसेजमध्ये काय निघेल सांगता येत नाही. विहिरीच्यातही शेवटी हिरव्या मिरचीच्या चटणीचं आहे."

चार मिनिटं चाळीस सेकंदांचा आवाज आला. मी माझाच आवाज बसून ऐकला. पहिलं सव्वा मिनिट मी नळाचा उद्धार केला होता. मग विहीर खोदताना कोणी किती गडी लावले ते. मग, "विहीर बुजवाची नाही. बुजवाची असन तं पहिले मले बुजवा," असं स्वच्छ. त्यानंतर चटणी. आवाज माझ्या समजुतीपेक्षा जास्त कर्कश आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण ऐकणारी एकच होती आणि ती कमी बोलते.

फोन ठेवून नातीनं मला विचारलं, मागं जाऊन अजून पाहायचं का. मी हो म्हटलं. तिनं सुनेचं नाव टाकलं आणि खिडकी उड्या मारत गेली. माझ्या नावापुढे मीडिया वगळला, आणि खाली, कधी अर्ध्या तासानं, कधी दुसऱ्या दिवशी, तिची एक ओळ. "आई, लाडू तसेच केले." "आई, गुडघ्याला तेल लावता ना?" "आई, मोजणीला हे येतील, मी सांगितलं." सहा वर्षं. मी एकीलाही उत्तर दिलं नव्हतं, कारण माझ्या आवाजाखाली काय आलं ते मी वाचत नाही. मी बोलते आणि फोन तांदळाच्या डब्यावर ठेवते. लोक माझं ऐकत नाहीत म्हणून मी एवढी रागावलेली होते, आणि एक बाई सहा वर्षं मला उत्तर देत होती. हे मला आवडलं नाही. नातीला म्हटलं, "बंद कर आता, डोळे दुखून राह्यले."

मंगळवारी तिनं बापाला फोन केला. तो म्हणाला, शाळेत तपासणी आहे, बुधवारी आल्यावर बोलू. ट्रॅक्टर बोलायला थांबणारा नव्हता. बुधवारी सकाळी आठला पहिली ट्रॉली फाटकात उभी राहिली. मोठा तिच्या मागोमाग आपल्या गाडीत.

ट्रॅक्टरवाल्यानं वरूनच विचारलं, "अम्मा, कहाँ डालना है?"

"बंद कर उसको, पहले चाय पी," मी सांगितलं आणि मोठ्याला आत नेलं. नातीनं काळी खिडकी तयार ठेवली होती. मी त्याला माझ्या स्टुलावर बसवलं. "वाच."

"माय, ट्रॅक्टर उभा आहे."

"ट्रॅक्टर उभा राह्यते. तू वाच. पान संपलं का हे लांब दाबजो."

मास्तर माणूस, वाचायला लागला की थांबता येत नाही. आपलं सात तीस वाचलं, माझं सात एकेचाळीस वाचलं, आपलं सात एकेचाळीस वाचलं. तिथं जरा थांबला.

"किती वेळ लागला तुले ऐकाले?" मी विचारलं.

"तेव्हा शाळेची घाई होती, माय."

"मग नाही ऐकलं असं लिहाचं होतं. हो म्हनली काऊन लिहिलं?"

त्यानं लांब पट्टी दाबली, शुभेच्छांची पानं गेली, सुनेची ओळ आली. मग नातीनं आवाज लावला. चटणी येईपर्यंत त्यानं ऐकला. अर्ध्यात उठायला पाहत होता, पण नात दारात उभी होती.

"भूल जाती है ना दादी?" ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मग अंगणात गेला आणि विहिरीभोवती एक चक्कर मारली. "जाळी तं बसवावीच लागन," तो तिथूनच म्हणाला.

"बसव. नाही कोन म्हनलं?"

जाळी बसवायला माझी ना नव्हती. पोरगं रांगतंच आहे. पण ती अक्कल नागपूरची, याची नव्हे, हे मी त्याला ऐकवलं.

मुरूम परत न्यायला ट्रॅक्टरवाला तयार नव्हता. तो फाटकासमोरच्या खड्ड्यात टाकला, जिथं दर पावसाळ्यात मोठ्याची गाडी फसते. उरलेल्या दोन ट्रॉल्या रद्द केल्या. मोठ्याला चक्क वाटलं की ही त्याचीच कल्पना, आणि मी वाटू दिलं. जुळवून घेणं म्हणतात ते हेच असावं.

खड्डा भरताना तो धुळीनं माखला. हातपाय धुवायला मोरीत गेला, नळ फिरवला. नळानं एकदा खोकून दाखवलं आणि गप्प झाला. मी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. काहीच बोलले नाही, बोलण्यासारखं नळ बोलला होता. मोठा दोर घेऊन विहिरीवर गेला आणि बादली सोडली. सवय मोडलेली. दोनदा बादली कठड्याला आपटली, अर्धं पाणी सांडलं. खांदा चोळत चोळत त्यानं अंघोळ केली.

तो गेल्यावर मी फोन उचलला, बटण दाबून धरलं आणि सगळं सांगितलं. मुरूम, नळ, जाळी, बादली. शेवटी धाकट्या सुनेला वेगळं सांगितलं की त्या चटणीत लसूण नंतर घालायचा, आधी घातला तर करपतो. सहा मिनिटं झाली. फोन ठेवते तोच मोठ्याचा अंगठा आला.

मी फोन डब्यावर ठेवला नाही. अर्धा तास हातातच धरून बसले.